पन्नास हर्ट्झचा सा

आमच्या बँडचा अँप्लिफायर विकत घेतला तेव्हा काळा होता. पण पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत ठेवलेली कुठलीही वस्तू आठवडाभरात पांढरी होते. ड्रमच्या पानावर पीठ, गिटारच्या तारांवर पीठ, गायकाच्या भुवयांवर पीठ. प्रॅक्टिस आटपून घरी गेलो की आई दारातच अडवायची, "आधी अंग झटक. आणि गिरणीतच होतास तर दळण का नाही आणलंस?" २००२ साली डोंबिवली पूर्वेला हेवी मेटल वाजवायला याहून बरी जागा आम्हाला मिळाली नाही.

खोली बेसवाल्याच्या मामांची. भाडं नव्हतं, अट मात्र होती. गिरणी चालू असेल तेव्हाच वाजवायचं. दुपारी एक ते चार गिरणी बंद असे, आणि नेमकी तेव्हाच आख्खी आळी पंखा पाचवर ठेवून झोपलेली असे. चारला मामा पट्टा चढवायचे, जातं घरघरायला लागायचं, आणि त्या घरघरीच्या पाठीमागे आम्ही आमचा आवाज लपवायचो. शेजाऱ्यांना वाटे गिरणीचंच काहीतरी बिघडलंय. एकदा एका काकूंनी मामांना विचारलंही होतं, "बाजरी टाकली की इतकं कर्कश होतं का हो?"

त्या खोलीत आणखी एक आवाज कायमचा मुक्कामाला होता. आमच्या गिटारचे पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबक) स्वस्तातले, वायरिंग मामांच्या हातचं, आणि भिंतीपलीकडे मोटर. अँप चालू केला की कुणी काही वाजवायच्या आधीच घूंऽऽ सुरू. बाकीचे वैतागायचे. गायकाने मात्र लहानपणी पेटीसमोर बसून प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या. तो एक दिवस डोळे मिटून म्हणाला, "सा आहे रे हा. स्थिर आहे. ट्यूनर कशाला घ्यायचा?" तेव्हापासून आम्ही गिटारची तिसरी तार त्या घूंवर लावायला लागलो. गंमत अशी की कॅसेटबरोबर वाजवायला गेलं की आमचं सगळं किंचित चढं यायचं. सहा महिने आम्ही टेपरेकॉर्डरला दोष दिला, त्याचं रबर बदललं, हेड स्पिरिटने पुसलं. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर उलगडा झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण पाश्चात्त्यांच्या 'जी' या सुराच्या, म्हणजे गिटारच्या तिसऱ्या तारेच्या सुराच्या, अगदी शेजारी, पण बरोबर त्याच्यावर नाही. 'जी' ४९ वर. आमचा सा इलेक्ट्रिसिटी बोर्डाचा होता. आणि अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे तिकडच्या गॅरेजमधला अँप जिथे गुणगुणतो तो आमच्या सा-चा बरोब्बर कोमल गंधार. सहाला पाच. हे गणित सुटलं तेव्हा झालेला आनंद मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये पुन्हा कधी झाला नाही.

बँडचं नाव सांगत नाही. त्यात 'ब्लीडिंग' हा शब्द होता, एवढं पुरे.

त्या तिकडच्या गॅरेजांपैकी आम्हाला सगळ्यात जवळचं वाटायचं ते लिंकिन पार्क या बँडचं. त्यांचा पहिला अल्बम, 'हायब्रिड थिअरी', ऑक्टोबर २००० चा. आमच्यापर्यंत तो दुसऱ्या वर्षी पोचला. एकाने सव्वाशे रुपये घालून कॅसेट घेतली आणि उरलेल्या सगळ्यांनी तिच्यावरून ब्लँक कॅसेटी भरल्या. शब्द सायबर कॅफेतून. तासाचे वीस-पंचवीस रुपये, त्यातली दहा मिनिटं पान उघडण्यात जायची. त्याआधी मेटॅलिका, आयर्न मेडन ही मंडळी होती, पण ती कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून आलेली. दुसऱ्याच्या देवघरात शिरल्यासारखं व्हायचं. कुठल्या देवाला कुठलं फूल ते तो भाऊ सांगणार. लिंकिन पार्क आमचं होतं. गाणी तीन-साडेतीन मिनिटांची, आणि मुख्य म्हणजे लांबलचक गिटार सोलो नाही. सोलो न येणाऱ्या मुलांसाठी याहून मोठी कृपा कुठली? शिवाय आवाज दोन. एक माइक शिनोडा, जो रॅप करायचा, आणि दुसरा चेस्टर बेनिंग्टन, जो गाता गाता गळा फाटेपर्यंत ओरडायचा.

शिनोडा आणि त्यांचा गिटारवाला ब्रॅड डेल्सन ज्या गावात शाळेला होते ते अगूरा हिल्स. लॉस अँजेलिसच्या मध्यापासून पन्नास-साठ किलोमीटर. सीएसटीपासून डोंबिवली साधारण ४८. शाळेच्या ॲटलासवर पट्टी ठेवून अंदाजाने मोजलेलं अंतर मी प्रॅक्टिसमध्ये जाहीर केलं तेव्हा ड्रमर म्हणाला, "म्हणजे ते टिटवाळ्याच्या अलीकडे राहतात." त्यांच्याकडे दोन मोटारी मावतील असं गॅरेज आणि आमच्याकडे गिरणी, हा फरक आहेच. पण शहरात काहीतरी मोठं घडतंय, तिथे आपल्याला नाव नाही, आणि इथे रात्री साडेदहानंतर एक वडापावची गाडीसुद्धा उघडी नाही, हे ज्याने भोगलंय त्याला ती गाणी समजावून सांगावी लागली नाहीत.

तसं पाहिलं तर डोंबिवली मुंबईचं उपनगरही नाही. जिल्हा ठाणे, महानगरपालिका कल्याण-डोंबिवली. पण स्पर्धेच्या फॉर्मवर 'शहर' या रकान्यात आम्ही बेधडक 'मुंबई' लिहायचो आणि फोनवर कुणी "मुंबईत कुठे?" विचारलं की घसा खाकरायचो.

राग कशाचा होता, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्यापैकी कुणाच्या घरी मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. बाबा सकाळी सातच्या आत घर सोडायचे आणि रात्री साडेआठला यायचे. हातपाय धुवायचे, जेवायचे, बातम्या बघता बघता खुर्चीत मान टाकायचे. त्यांना उठवून आत पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. रोज त्यांच्या खांद्याला हात लावताना मला वाटायचं, आपलंही हेच होणार, हीच गाडी, हीच खुर्ची. यावर ओरडावं असं वाटणं चूक होतं की बरोबर, कोण जाणे. एकदा ते दळणाचा डबा घेऊन स्वतः गिरणीत आले. आम्ही आत वाजवत होतो. दहाएक मिनिटं दाराशी उभे राहिले असावेत. रात्री ताटावर म्हणाले, "तो ड्रमवाला मुलगा बरा वाजवतो." माझ्या गिटारबद्दल काही नाही. मीही विचारलं नाही.

ड्रमर खरंच बरा होता, आणि त्याचं श्रेय अमेरिकेला देता येणार नाही. तो गणपतीत बेंजो पार्टीत वाजवायचा. ढोल-ताशा, मग ऑक्टोपॅड. दहा दिवसांत जे कमवायचा त्यातून त्याने सिंबल घेतले होते. आमच्याकडे हे लपवायची पद्धत होती. कुणी विचारलं तर "ही इज सेल्फ-टॉट" सांगायचं. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो ट्रकवर दिसला की आम्ही हात करायचो नाही. तोही बघायचा नाही. काळे टी-शर्ट घालून आम्ही फुटपाथवर उभे, आणि वर तो घामाने निथळत असा काही वाजवत असायचा की खाली दोनशे माणसं नाचत असायची. आमच्यासमोर तोवर सगळ्यात जास्त बत्तीस माणसं जमली होती, त्यांतली सहा नातेवाईक.

गिटार घेऊन लोकलने जाणं हा स्वतंत्र विषय आहे. पाठीवर ती पेटी घेऊन सेकंड क्लासमध्ये शिरलात तर शिव्या नुसत्या पडत नाहीत, मोजून पडतात. म्हणून मालडबा. तिथे मासळीच्या टोपल्या, केळीचे घड, आणि ड्रमरच्या मांडीवर स्नेअर. एका रविवारी मालडब्यातही जागा नव्हती म्हणून शेजारच्या डब्यात घुसलो तर तिथे भजनी मंडळ बसलेलं. रविवारीही. टाळ होते, एकाने ढोलकी मांडीत दाबून धरलेली, बाकीचे डब्याच्या पत्र्यावर ठेका धरत होते. त्यांचा म्होरक्या, कपाळाला बुक्का लावलेले एक काका, आमच्याकडे बघून म्हणाले, "काय वाजवता?" गायक म्हणाला, "रॉक." "दाखवा." गायकाने बहुतेक चिडून चेस्टरसारखी एक आरोळी ठोकली. डबा गप्प. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, पोटातून आलं हे. पण कुणाला हाक मारतोयस?" मग दिवा स्टेशन येईपर्यंत ड्रमरने त्यांच्यात बसून स्नेअरवर अभंग वाजवला. उतरल्यावर आम्ही ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही.

मुंबईतला रॉक म्हणजे तेव्हा धोबी तलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. तिथे जॅझ यात्रा व्हायची आणि १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव व्हायचा. ते बंद पडण्याआधी मी तिथे एकदाच पोचलो. पायऱ्यांवर काळ्या टी-शर्टांचा समुद्र, पुढे केस उडवणारी पोरं. इस्पितळं आणि कॉलेज शेजारी, म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. मला त्या संध्याकाळचं संगीत फारसं आठवत नाही. आठवतात ती पोरं, आपसांत सहज इंग्रजीत भांडणारी. शिव्यासुद्धा इंग्रजीत. आमचं इंग्रजी गाण्यापुरतं होतं. गाणं संपलं की आम्ही मराठीत येऊन श्वास घ्यायचो. 'रॉक मशीन' हा बँड, जो पुढे 'इंडस क्रीड' झाला, त्याच्या गिटारवाल्याचं नाव महेश तिनईकर आहे हे कळलं तेव्हा आम्हाला उगाच अभिमान वाटला होता. तिनईकर! म्हणजे जमतं आपल्यालाही. मग लगेच प्रश्न, तो घरी मराठी बोलत असेल का? यावर आम्ही परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत वाद घातला. आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा तो आमच्यासाठी तात्त्विक प्रश्न होता.

एवढ्यात रॅपरबद्दल लिहायला हवं. टाळत टाळत इथवर आलोय.

लिंकिन पार्कची गाणी करायची तर शिनोडा हवा. आमच्यात कुणालाच भरभर बोलता येईना, जीभ अडखळायची. तो सापडला मैदानावर. डोंबिवलीत आम्ही 'बिल्डिंगवाले' आणि ते 'गाववाले'. गाववाले म्हणजे मूळचे आगरी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती तिथे त्यांच्या आज्यांनी भात लावला होता. थंडीत टेनिस बॉलच्या टूर्नामेंट व्हायच्या, आणि हा त्यांची कॉमेंट्री करायचा. आमच्याच वयाचा, हडकुळा, हातात चपटा माइक. त्याचं काम फक्त धावा सांगणं नव्हतं. कोण कुणाचा भाचा, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाच्या हातून मागच्या वर्षी कॅच सुटला, हे सगळं चेंडू हवेत असताना सांगायचं आणि चेंडू पडायच्या आत संपवायचं. "उचलला, उचलला, वर गेला, नारलाला इचारून आला, काकूच्या कुकरला तिसरी शिट्टी, सहाऽऽ धावा, आनी शेठकडून सिक्सरला शंभर रुपयं, दोन्ही हात जोरून धन्यवाद!" हे एका दमात. श्वास कुठे घ्यायचा हे त्याला उपजत ठाऊक होतं. ओळ संपायच्या जरा आधी घ्यायचा, म्हणजे शेवटचा शब्द आदळतो. रॅपवाले ज्याला फ्लो म्हणतात तो हाच, पण हे मला आज कळतं.

तेव्हा आम्ही त्याला गिरणीत आणलं आणि इंग्रजी शिकवायला घेतलं.

तो शब्द देवनागरीत लिहून घ्यायचा, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. 'द' म्हणू नकोस, जीभ दातात धर. व्ही वेगळा, डब्ल्यू वेगळा. 'आर' जरा गुंडाळ. हे सगळं मी सांगायचो. माझा स्वतःचा 'आर' डोंबिवलीच्या बाहेर कधी गेला नव्हता, पण मी मराठी माध्यमातून सेमी इंग्रजीला गेलेला होतो आणि तो जिल्हा परिषदेच्या शाळेतला. तो हसायचा. "मना नाय जमाचा तुमचा इंग्लिश," म्हणायचा आणि परत करून दाखवायचा. तीन वर्षं आम्ही त्याचं इंग्रजी सुधारत होतो. त्यात सुधारणा झाली, आणि त्याचा श्वास चुकायला लागला.

२००५ चं ते पुराचं वर्ष आलं आणि भारनियमन वाढलं. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून यायचं, तरी वीज त्याला न विचारता जायची. गिरणी थांबली की आधी जातं मंदावायचं, मग पट्ट्याचा फट्‌फट् आवाज, मग आमचं घूं एकदम गायब. ती शांतता अंगावर यायची. सा निघून गेल्यासारखं. अशाच एका संध्याकाळी, मेणबत्ती पिठाच्या डब्यावर चिकटवून आम्ही बसलो होतो. ड्रमर बोटांनी डब्यावर वाजवत होता, बेंजोतला ठेका. आणि अंधारात कॉमेंट्रीवाला बोलायला लागला. आधी भारनियमनाचं वेळापत्रकच म्हणाला, सोमवार सकाळी, मंगळवार दुपारी, झोन एक, झोन दोन. मग गाडी सुरू केली.

"ठाना गेला, बोगदा आला, खिसा तुझा सांभाल,
दिव्याला नाय दिवा, कोपरला नाय हवा,
डोंबिवलीला उतराचा तर आतापासून भांड."

पुढे बरंच होतं. आम्हाला तीन ओळीच आठवतात, कारण लिहून घ्यावं असं कुणाला वाटलं नाही. आम्ही लोळून हसलो. मामा टॉर्च घेऊन ऐकायला आत आले आणि दोनदा म्हणायला लावलं. गायकाने खालून सा धरला, वीज नसताना, नुसत्या गळ्याने. पाऊण तासाने दिवे आले तेव्हा आम्ही माना झटकल्या, तारा पुसल्या आणि आमच्या इंग्रजी गाण्याकडे वळलो. टाइमपास संपला.

त्याच हिवाळ्यात शहरातल्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आम्हाला जागा मिळाली. सकाळी साडेअकराची वेळ, म्हणजे ज्या वेळी ऑडिटोरियममध्ये परीक्षक, चार स्वयंसेवक आणि खुर्च्या पुसणारी माणसं असतात. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्याला कॉमेंट्रीवाला गप्प झाला. शब्द उडाले. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत तेच कॉर्ड फिरवत राहिलो. आणि मग त्याने माइक चपटा धरला, टूर्नामेंटमध्ये धरतो तसा, आणि ठाना गेला, बोगदा आला.

खुर्च्या पुसणारी माणसं थांबली. मागच्या दारातून कॅन्टीनची पोरं आत आली, कुणीतरी शिट्टी मारली. ड्रमरने माझ्याकडे न बघता सरळ बेंजोचा ठेका लावला. मी हात वर करून थांबवलं. गाणं मधेच तुटलं, परीक्षकांनी काहीतरी लिहिलं, आम्ही खाली उतरलो.

व्हीटीच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मवर, इंडिकेटरखाली, मी त्याला म्हणालो, "इज्जत घालवलीस. इथे कॉमेंट्री करायला आणलं होतं का तुला?" बाकीचे चपला बघत होते. तो काही बोलला नाही. मालडब्यात सगळ्यांची बॅग त्याने मांडीवर घेतली, नेहमीसारखी. पुढच्या रविवारी आला नाही. मॅच होती म्हणाला. त्यानंतर मॅचेस होतच राहिल्या.

बँड मोडला वगैरे काही नाही. बँड मोडायला भांडण लागतं. आम्हाला कॅम्पसमधून नोकऱ्या लागल्या, गायक एमएस करायला न्यू जर्सीला गेला, मामांनी गिरणीची जागा बिल्डरला दिली. अँप बेसवाल्याच्या गॅलरीत होता, मग नव्हता.

मी ऐरोलीत एका कंपनीत रुळलो. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर ध्वनिमुद्रण करून, त्यावरच चित्रण करून एक रॅप टाकला. ऑफिसातल्या एका पोराने मला दाखवला. पाठोपाठ अंधेरीचा डिव्हाइन, धारावीची पोरं. सगळे उपनगरातले किंवा शहराच्या पोटातल्या उपनगरातले, आणि सगळे घरच्या भाषेत. मला आवडलं म्हणण्यापेक्षा मी बिथरलो. मग मराठी रॅप कानावर यायला लागला. 'स्वदेशी' या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी, तिथल्या वारली पाड्यांसाठी केलेलं 'द वारली रिव्होल्ट' मी गाडीत, दरवाज्यात उभा राहून ऐकलं. त्यात मराठी रॅप करणारा मावली आहे आणि आरेचेच प्रकाश भोईर आहेत, त्यांच्या आवाजात पाड्यावरची चाल आहे. भोईरांचा आवाज आला तेव्हा ठाणं गेलं होतं, बोगदा आला होता. मी खरंच सांगतोय, योगायोग रचत नाही. मी हेडफोन काढून ठेवला. २०२३ मध्ये एका मराठी रॅपरवर राजकारण्यांबद्दलच्या गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला, तोही अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात, कल्याणच्या पुढच्या तिसऱ्या स्टेशनात. आमची गाणी रक्त, मृत्यू आणि विनाश यांनी खच्चून भरलेली असायची, पण त्यांच्यासाठी कधी सोसायटीचा वॉचमनही वर आला नव्हता.

मधे २०१७ चा जुलै येऊन गेला. २० तारखेला चेस्टर गेला, स्वतःच्या हाताने. एक्केचाळीस वर्षांचा. आपल्याकडे बातमी पसरली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. बँडचा व्हॉट्सअॅप ग्रुप गुढीपाडव्याच्या शुभेच्छांपुरता उरला होता, तो एकदम जागा झाला. लहानपणी त्याच्यावर झालेल्या अत्याचारांबद्दल, व्यसनांबद्दल तो मुलाखतींत उघड बोलायचा. आम्ही तेव्हा ते वाचलंही होतं आणि ओलांडून पुढे गेलो होतो. त्याची किंकाळी आमच्यासाठी टेक्निक होतं. पोटातून काढायची, घसा सैल ठेवायचा, आधी कोमट पाणी प्यायचं. गायक उशीत तोंड खुपसून सराव करायचा आणि त्याची आई हळद-दूध करून द्यायची. त्या रात्री त्याने न्यू जर्सीहून फोन केला. बराच वेळ नुसता होता. मग म्हणाला, "मी बारावीच्या मार्कांसाठी ओरडत होतो रे." आणि थोड्या वेळाने, "ते गाडीतले काका आठवतात?"

गेल्या थंडीत मुलाला घेऊन डोंबिवलीला गेलो होतो. तो चौदा वर्षांचा आहे, रॅप ऐकतो, माझी गाणी त्याला 'क्यूट' वाटतात. हा शब्द मी अजून पचवतोय. मैदानाचा निम्मा भाग आता टॉवरने खाल्लाय, उरलेल्यात टूर्नामेंट चालू होती. मंडपात फोन तिकाटण्यावर लावलेला, यूट्यूबवर थेट. आणि माइकवर तोच. पोट सुटलंय, चष्मा लागलाय, श्वास अजून तिथेच घेतो, शब्द आदळायच्या जरा आधी. मुलगा दोन षटकं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, हा माणूस कोण आहे? याचा फ्लो बघ."

ब्रेकमध्ये मी मंडपात गेलो. "अरे, गिटार!" तो म्हणाला. नावाने त्याने मला कधीच हाक मारली नव्हती, ते आत्ता लक्षात आलं. चहा मागवला, मुलाला खुर्ची दिली, आईची चौकशी केली. प्लॅटफॉर्म नंबर पाचबद्दल बोलायचं असं मी गाडीतून ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं ते असं, "ते ट्रेनवालं आठवतं का तुला? भारनियमनातलं?"

"कंचा?"

"ठाणा गेला, बोगदा आला."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी उरलेलं सगळं म्हटलं. माझा उच्चार ऐकून तो खळखळून हसला. "सांभाळ नाय रं, सांभाल," म्हणाला. "चांगला हाय. कोनी लिवलाय?"

मी काही सांगायच्या आत पंचांनी हात केला, आणि त्याने कप खाली ठेवला. जनरेटर सुरू झाला. माइकचं बटण सरकवल्याबरोबर दोन्ही भोंग्यांतून घूंऽऽ आलं, जनरेटरवरचं, म्हणून किंचित उतरलेलं, पण तेच. मी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिलो, मुलगा शेजारी.

"बॅट्समन तयार, बॉलर तयार," भोंगा म्हणाला, "फक्त बॉलरच्या मागं कोनतरी हुभा हाय. हटा, हटा, जरा बाजूला. काला टी-शर्ट, तुमालाच बोलतंय."